पिंपाआडचं नेट

लॅपटॉपवर मोर अडकलाय,
छप्पन्न टक्क्यांवर, मानेपाशी.
पिसारा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पोचला असेल,
चोच अजून माझ्या मांडीवर.

टॉवेलच्या काठाचं डिझाइन. रात्रीचे साडेअकरा.
सकाळी सातच्या पाळीला मागावर चढायचंय
आणि गाजूल शेठचा हा तिसरा फोन :
"येऊलालंय का नाही, बाई?"
येऊलालंय, म्हटलं.
थेंब थेंब.

सगळं करून झालंय.
राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
लॅपटॉपचंही तेच.
श्रीधरच्या फोनवर उतरत असलेलं काहीबाही थांबवलं,
तो रुसून गच्चीवर झोपायला गेला.
पासवर्ड बदलला, कारण शेजारचा समीर
आमच्या भिंतीला पाठ लावून फुकट क्रिकेट बघायचा.
त्या आठवड्यात शकिलाभाभींकडून शेंगाचटणी आली नाही.
नेट तेवढंच.

केबलवाला इरण्णा येऊन गेला, भर दुपारी, घाम पुसत.
वायर थेट लॅपटॉपला लावली : चाळीस.
वायर काढली : दोन.
"लाइन चोख आहे ताई,
तुमच्या घरातच काहीतरी खातंय."
आणि चहा न घेता निघाला,
खाणारं जे काही आहे ते
चहाबरोबर बाहेर येईल म्हणून की काय.

तेव्हापासून मी लिहितेय.
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, झोपायच्या आधी :
बुधवार दोन.
गुरुवार तीन. शुक्रवार सहा.
शनिवार अकरा.
रविवारी अठरा, त्या रात्री मी हत्ती पाठवला होता,
सोंडेसकट, दात घासेपर्यंत पोचला.
सोमवार, म्हणजे आज, पुन्हा दोन.

नाना उठून पाणी प्यायला आले.
अडतीस वर्षं जॉबर होते,
शेडबाहेर उभं राहून सांगायचे
कितव्या मागाचं काय दुखतंय.
कॅलेंडरसमोर थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
त्यांची लाल फुली असते तिथंच,
नळाला पाणी येतं त्या दिवसाची.
बुधवारी फुली. आज फुली.
माझे दोन्ही दोन त्यांच्या फुलीखाली दबलेले.

बोललं कुणीच नाही.
दोघांनी पिंपाकडे बघितलं.

निळं, दोनशे लिटरचं,
बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध,
आज पहाटे तीनपासून मोटर लावून काठोकाठ भरलेलं.
त्याच्या पलीकडे स्टुलावर राउटर,
अलीकडे ओट्याला टेकून मी.
मधे पाच दिवसांचं पाणी.

नानांनी बोटाच्या पेरानं पिंप वाजवलं,
वरपासून खालपर्यंत, कान लावून.
"हे खातंय," म्हणाले.
पाणी ओतून देऊ या,
असं आमच्या दोघांच्या मनातसुद्धा आलं नाही.
सोलापुरात ते येत नाही.

मग पत्र्याचा डबा पालथा घालून, त्यावर चढून,
त्र्याहत्तराव्या वर्षी, मी नको नको म्हणत असताना,
त्यांनी राउटर पोटमाळ्याच्या कडेला बांधला
चादरीच्या किनारीतून निघालेल्या सुतानं,
मागावर मारतात त्याच गाठीनं.
"बघ आता."

मोरानं मान हलवली.
सत्तर. ब्याऐंशी. चोच गेली.
शेठचा फोन आला नाही, म्हणजे पोचला.

आता रोज सतरा, अठरा, सतरा.
समीरला पासवर्ड दिलाय, चटणीत लसूण जास्त पडतोय.
फक्त परवाच्या शनिवारी
नाना तांब्या घेऊन गेले आणि पिंपात आवाज घुमला.
तळाला बोटभर, आणि नळाला अजून दोन दिवस.
"कालचा आकडा किती होता?"
त्यांनी सवयीनं विचारलं.
अठरा, म्हटलं.
त्याचा आता काही उपयोग नव्हता.