गडद रंगाचा अर्थ

नारीनच्या सांख्यिकी कचेरीतून निघताना
माझ्या बगलेत पाच तक्ते होते.
त्यातला एक खिंडीत वाऱ्याने नेला.
साक्षरतेचा. गेला ते एका परीने बरंच,
त्यात सगळा जिल्हा एकाच रंगाचा होता.

शाळेत शेगडी गोवऱ्यांवर धुमसत होती.
उलझान एजेने बाहीनेच फळा पुसला,
म्हणाली, पोरांनो, बाई आकडे घेऊन आल्यात, नीट बसा.
जणू आकडे चावतात.

पहिला तक्ता जगाचा.
देश जमिनीच्या मापाने नाही, पैशाच्या मापाने काढलेले:
जपान बेडकासारखं फुगलेलं,
युरोप उतू गेलेल्या दुधासारखा,
आणि आख्खी आफ्रिका सुकत घातलेल्या जर्दाळूएवढी.
"आपण कुठे?"
मी पेन्सिलीचं टोक टेकवलं.
टोकाखाली आपण झाकले गेलो.
पोरं पुढे सरकली, मी पेन्सिल उचलली,
तरी काही दिसेना.

दुसरा आपल्याच तालुक्याचा, लोकसंख्येचा मनोरा.
डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका,
तळाला तान्ही, शेंड्याला म्हाताऱ्या.
म्हातारे फारसे नाहीत,
ते आधीच घोड्यावरून उतरून गेलेले.
आणि मध्ये, विशी ते चाळिशी,
दोन्हीकडून आत गेलेली कंबर.
कचेरीत आम्ही तिला दरी म्हणतो,
अहवालात 'लक्षणीय घट'.
एर्निस म्हणाला, "सफरचंद खाऊन उरतं ना, तसं दिसतंय."
नऊ वर्षांचे अहवाल
मला तिथल्या तिथे शेगडीत घालावेसे वाटले.

तिसरा तक्ता, बाहेरून घरी येणाऱ्या पैशाचा,
देशाच्या कमाईशी ताडलेला.
चीन फिका. अमेरिका फिकी. रशिया तर पाणी घातलेल्या ताकासारखा.
आणि आपण
रात्रभर उकळलेल्या चहाइतके गडद.
वर्गात एकच जल्लोष.
नकाशावर पहिल्यांदाच आपण दारातून दिसत होतो.
मी गप्प.
सूची खाली कोपऱ्यात होती, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आणि ती तेवढीच छापा
असं मीच सांगितलं होतं.

बेगायिम ओरडली नव्हती.
ती उठली, सूचीपाशी वाकली, ओठ हलवत वाचली.
मग दुसऱ्या तक्त्याकडे गेली
आणि रंगीत खडूने कंबरेत एक रेघ मारली.
"हा माझा बाप. नोवोसिबिर्स्कला फरशा बसवतो."
अगं, मी म्हटलं, सहा महिन्यांवर बाहेर राहिलेला माणूस
नियमाने इथे मोजत नाहीत.
"मग तिथे मोजतात?"
मला उत्तर माहीत होतं.
तिथल्या कचेरीतही माझ्यासारखीच कुणी बाई असणार,
तिच्यापुढेही एक नियम असणार.

एर्निसने तीन रेघा मारल्या, एक आईची.
तिलेकने भावाची. तो पुढच्या वर्षी जाणार आहे,
पण आत्ताच मारून ठेवतो, म्हणाला.
रांग लागली. खडू मोडला, दुसरा आला.
दरी भरली, भरून वर आली,
मनोऱ्याला चांगलं पोट सुटलं.

चौथा तक्ता मी उघडलाच नाही.
त्यात तीस वर्षांनंतरचं होतं.

उलझान एजे म्हणाली, चहा निवतोय.
मी म्हटलं, एक मिनिट,
आणि उरलेला तुकडा मागून घेतला.
डावी बाजू, चोवीसचा खण.
फोन लागला तर रविवारी लागतो.

असा रेघोट्यांचा कागद कचेरीत चालत नाही.
तो तिथेच फळ्याशेजारी खिळ्याला अडकवून आले.
परतल्यावर भांडारपालाने तक्ते मोजले,
माझ्याकडे पाहिलं, नोंदवही पुढे सरकवली.
मी लिहिलं:
वाऱ्याने नेले, नग दोन.