पुलावरचा अर्धा आणा

पुलाच्या अलीकडे दरबारची हद्द,
पलीकडे छावणी, साहेबाची.
मधून खान नदी जाते.
तिला कुणाचंच सायर लागत नाही.

मी मोरेश्वर टोणपे, नाक्यावरचा कारकून.
पगार चौदा, हाली.
कलदारात किती,
ते दर महिन्याला सराफ ठरवतो.

सकाळी पहिली गाडी घासलेटाची.
डब्यावर टिचकी मारून
भरला की रिकामा, कानानेच ओळखतो.
मग काड्यापेट्या, विलायती लठ्ठा,
सुपारी, बांगड्यांचे पेटारे.
दर तोंडपाठ, रामरक्षेसारखे.
फक्त यांत रक्षा कुणाची, ते अजून कळलेलं नाही.
मिठाची पोती तेवढी जाऊ देतो.
त्यांचं देणं सांभरलाच चुकतं झालेलं.
साहेब आमच्याआधी उठतो.

ठकूबाई शिंपीण रोज छावणीत जाते
साहेबांच्या कोटांना बटणं लावायला.
जाताना अंबाडा लिंबाएवढा,
येताना नारळाएवढा.
सबंध आषाढ मी तो अंबाडा पाहिला
आणि पावती पुस्तक चाळत राहिलो.

परवा नवा शिपाई म्हणाला,
"मुन्शीजी, खुलवा लूँ?"
ती रडली नाही, हात जोडले नाहीत.
म्हणाली, "रीळ तिकडे आण्याला,
इंदुरात दीड आण्याला.
अर्धा आणा कुठे राहतो, भाऊ?
पुलावर तर कधी पडलेला दिसला नाही."

मी वहीत पाहिलं.
वहीत होता तो,
माझ्याच वळणदार मोडीत,
वर वाळू टाकून वाळवलेला.
खाली लिहिलं: बाई एक. डोईस ओझे नाही.
शिपाई हसला. हसू दे.

घरी आलो तर दिवा लावलेला नव्हता.
द्वारकी म्हणाली, "तेल चढलंय.
वाणी सांगत होता,
नाक्यावर कुणीतरी दर वाढवलाय."
कुणीतरी.
उंबऱ्याशी मी जोडा काढत राहिलो,
एकच जोडा, बराच वेळ.

चांदण्यात जेवलो. आमटीत मीठ बरोबर होतं.
कोपऱ्यात माझी बंडी पडलेली,
काखेत उसवलेली,
तिच्यात टोचून ठेवलेली सुई, बिनदोऱ्याची.
चार दिवस तशीच आहे, ती म्हणाली.

उद्या ठकूबाईला विचारावं,
शिपाई पाणी प्यायला गेला की,
एक रीळ मिळेल का.
आण्याला.