डोक्यावरची रेघ

मुकुल खानवेलकर, चौथी ब.
तीन वर्षं शेरा तोच: लक्ष देत नाही.
त्यातला एक माझ्या अक्षरात.

काल सहलीहून परतताना रावपुऱ्यात
बस अडकली, आणि हा खिडकीतून
गुजराती पाट्या वाचत सुटला –
घड्याळं दुरुस्ती, सेव-उसळ, दाताचा दवाखाना.
अडखळत, पण वाचत.

मग मराठी का नाही रे?
म्हणाला, बाई, तिथं सगळी अक्षरं
एकाच दांडीला लोंबतात.
एकाला हात लावला की सगळी हलतात.

आज त्याच्या वहीत धडा उतरवून दिला
डोक्यावरची रेघ न ओढता,
शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडून.
चार ओळी वाचल्या त्यानं.
पाचवीला थांबला, पाणी मागितलं.

आईला निरोप धाडलाय, तपासणीला घेऊन या.
जुने शेरे पेनानं लिहिलेत.
खोडरबर चालत नाही.