खोल बाजू

दिवाळीनंतर इकडे कोणी फिरकलं नाही.
पाणी कारल्याच्या रसासारखं,
दुसरी पायरीसुद्धा दिसेना.

तांडेल जाळी टाकतो. हात वेसाव्याचा,
पण इथं लागतं काय?
बदामाची पानं, एक शटलकॉक,
सी विंगच्या नाडकर्णींची कवळी,
जिच्यापायी सुनेशी अबोला धरला होता.

आणि गप्पी मासे. डासांसाठी
महापालिकेने सोडलेले, नखाएवढे.
मोजले : एकेचाळीस.
"पावडर टाकायच्या आधी काढू दे," म्हणाला.
सेक्रेटरी घड्याळाकडे बघत राहिले.

चौथ्या दिवशी पंप शिव्या खाऊन चालू झाला,
तळाच्या निळ्या फरशीवर सहाचा आकडा उमटला,
थरथरत.

पंपरूममधली बादली सायकलला अडकवून
तांडेल निघाला.
नात विचारेल, आज काय गावलं?
झाकण थोडं उघडं ठेवलंय,
श्वासापुरतं.