अनुभवाचा रकाना

रुफिस्कच्या पतपेढीत मी कर्ज नाकारायचो.
म्हणजे, द्यायचोही. पण नाव झालं ते नाकारण्याचं.

मारेम न्दुर आली ती भर दुपारी.
चपलांत किनाऱ्याची वाळू,
कमरेचं कापड, ती बसली तरी न बसलेलं.
अर्जात लिहिलं होतं: बाजरीचा कुसकुस, हाताने वळलेला.
अकरा बायका. एक गोदाम. छपराला भोक.
आणि अनुभवाच्या रकान्यात:
नाचले. एकवीस वर्षं.

मी रेघ मारली.
हिरव्या शाईने, पट्टी लावून.

"साबार पाहिलास का कधी," ती म्हणाली,
"की ढोल ऐकू आले की खिडकी लावून घेतोस?"
मी खिडकी लावून घेणाऱ्यांतला.

"गल्लीत रिंगण धरतात.
आत ये, असं कुणी म्हणत नाही.
दोन ठोक्यांमध्ये एक फट असते, श्वासाएवढी.
तिथे पाऊल पडलं तर जागा तुझी,
नाही तर शेजारणीची.
आत गेल्यावर ढोलकऱ्याकडे बघायचं नाही,
त्याने तुझ्या गुडघ्याकडे बघायचं.
आणि निघायचं ते टाळ्या चढत असताना.
टाळ्या उतरल्यावर निघालेली बाई
नुसती चालत घरी जाते.
याला तुमच्या कागदात काय म्हणतात?"

शब्द होता माझ्याकडे,
तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात मिळालेला.
नेमका तेव्हाच आठवला नाही.

पैसे तिने भिशीतून उभे केले.
तेही रिंगणच,
मधोमध फक्त बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

दोन वर्षांनी गेलो, सर्वेक्षणाचं निमित्त काढून.
वीज गेलेली. छपराच्या भोकातून पडलेल्या उजेडात
अकरा बायका भोपळ्याच्या कवट्यांत पीठ वळत होत्या.
पाण्याचा शिपका, तळवा, गोल, गोल, चाळण.
एकीचा हात मागे पडला.
मारेम ओरडली नाही.
टाचेने फरशीवर दोनदा ठोकलं.
हात आपसूक जागेवर आला.

पुढे दकारहून एक सुटातला माणूस आला.
पाच शहरं म्हणाला, यंत्र म्हणाला,
पाकिटावर तिचा चेहरा म्हणाला.
तिने विचारलं, "कुठल्या ठोक्यावर?"
तो हसला. ती हसली नाही.

आणि ज्या वर्षी बाजरी दुप्पट झाली,
पीठ ओलं लागलं, दोघी सोडून गेल्या,
त्या वर्षी ती आपटलीच. साफ.
नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं दिसतं, ठीक.
नाचता येतं तिला तरी सरळ अंगण
कुणी आणून दिलं होतं?
रेतीत नाचलेली बाई ती.
रेतीत पडणं लपत नाही,
म्हणून पडण्याचंच पुढचं पाऊल करायचं,
हे गुडघ्याला माहीत होतं, डोक्याला नंतर कळलं.
चाळणीवर राहिलेले जाडे, बिघडलेले दाणे
तिने शाळेच्या फाटकाशी लापशी म्हणून विकले.
मुलं वाटी चाटून परत करायची.

त्यानंतर माझ्या टेबलावर एक पोरगा आला, बिराम.
सायकलदुरुस्तीचं दुकान हवं होतं.
अनुभवाच्या रकान्यात:
वडील ढोल वाजवायचे. मी ऐकलं.

पेन हातात थांबलं.
वरचा पंखा खट्‌ खट्‌ करत होता, नेहमीसारखा,
पण त्या दिवशी मी तो मोजला.
मग सही केली.

तो बुडाला, हेही सांगायला हवं.
चार हप्ते आले, पाचवा नाही.
साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून.

संध्याकाळी गोदामात जाऊन मारेमला सगळं सांगितलं.
तिने ऐकलं, हात न थांबवता.
"लवकर शिरला," म्हणाली,
आणि मला चाळणीची दुसरी बाजू धरायला लावली.