भाजल्याची खूण

दुपारच्या खेळाला आम्ही पाचच जणं.
मी, चाकाच्या खुर्चीत यादविगा,
मागे दोन पोरं आणि त्यांचा पेंगणारा बाप.
बाहेर ईरी सरोवरावरून सुटलेला वारा
पार्किंगमधला बर्फ इकडून तिकडे लोटत होता.

तिकिटाबरोबर एकेक स्टिकर फुकट.
ओल्या बोटानं दंडावर दाबायचा,
की उमटतात तीन निळे चंद्र,
ओर्व्हानच्या राणीची राजमुद्रा.
काउंटरवरचा मुलगा वाकून म्हणाला, "आजी, तुम्हाला?"
"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली.
त्याला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय.
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग अंधारात, जाहिराती चालू असताना, सांगत सुटली.
अडतीस सालची गोष्ट. बाराव्या रस्त्यावर बापाची बेकरी.
पहाटे पाव काढताना तापलेला ट्रे दंडाला चिकटला,
कडेचे तीन रिबीट कातडीवर उठले.
वरच्या खोलीत लुडविक राहायचा, भाडं तटलेला,
दहा सेंटांच्या मासिकांची मुखपृष्ठं रंगवायचा.
मॉडेलला द्यायला पैसे कुठले?
"तासभर उभी राहशील?"
राहिली.
पिठाच्या पोत्यांवर पाय रोवून,
डोक्यावर चाळणी,
हातात भट्टीत पाव सरकवायचं लांब फावडं,
आणि समोर दोन खुर्च्यांवर टाकलेली घोंगडी, तो राक्षस.
लुडविकनं चाळणीचा मुकुट केला, फावड्याचा भाला,
घोंगडीला सहा डोळे दिले,
आणि दंडावरचे फोड तेवढे
जसेच्या तसे ठेवले.
प्रामाणिक होता की घाईत होता,
हे तिला लग्नानंतरही कळलं नाही.

चित्र आगगाडीनं न्यूयॉर्कला गेलं.
तिथं चित्र आधी यायचं, गोष्ट मागाहून.
शब्दाला एक सेंट घेणारा कुणी लेखक,
ज्यानं ईरी पाहिलं नव्हतं, हिला तर नाहीच,
त्या तीन डागांपाशी अडला.
काहीतरी कारण द्यायलाच हवं.
म्हणून त्यानं आभाळात तीन चंद्र टांगले,
खाली आटलेला समुद्र अंथरला,
वाळूवर काचेच्या शिडांची गलबतं सोडली,
मग राज्य, मग फितुरी, मग सात पिढ्यांचं वैर.
एका आठवड्यात चाळीस हजार शब्द, चारशे डॉलर.
"आणि तुम्हाला काय मिळालं?"
"लुडविक," म्हणाली, आणि एकटीच हसली.

पडद्यावर सगळं आलं.
गलबतं आली, सहा डोळे आले,
राणीच्या दंडावरचे चंद्र संकट जवळ आलं की पेटायचे.
मागची पोरं खाणं विसरली.
मला मात्र अर्धंअधिक आधी पाहिल्यासारखं वाटत होतं.
त्या पिवळ्या कागदांतून इतक्यांनी इतकं उचलून नेलंय
की आता घरमालकच
चोरासारखा दिसत होता स्वतःच्या घरात.

लढाईत यादविगा झोपली.
जागी झाली ती नावं वर सरकू लागल्यावर.
लेखकाचं होतं. हजारभर संगणकवाल्यांची होती.
घोड्यांना चारा घालणाऱ्याचंही होतं,
आणि घोडा तर एकही नव्हता सिनेमात.
दिवे लागेपर्यंत मी लुडविकचं शोधत बसले.
"चल गं," ती म्हणाली, "रस्ता गोठेल."

दोन आठवड्यांत सिनेमा उतरला.
किती कोटी बुडाले ते पेपरात आलं,
मी शून्यं मोजून तिला वाचून दाखवलं.
ऐकलं तिनं, थोडा वेळ बोटांनी हिशेब केला.
"शब्दाला किती पडले?"

आता अंग पुसताना
माझा हात त्या दंडापाशी रेंगाळतो.
ब्याण्णव वर्षांची कातडी सैल पडलीय,
मधलं आभाळ सुटलंय,
तिन्ही चंद्र सरकून आलेत एकमेकांवर.
कोमट पाणी, टॉवेल.
हळू, म्हणते ती,
भाजलंय ना तिथं.