शनिवारची मूठ

रजिस्टरात रकाने आखलेले: नाव, वय, गाव, दफनाची तारीख.
पर्सिस जालमसिंग गावीत. एकसष्ट. गाव हेच.
शेवटी ‘शेरा’ म्हणून बोटभर जागा.
तिथे अडलोय, पर्सिसबाई.

तुझं नाव ठेवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांनी
ते उचललं होतं एका जुन्या पत्राच्या शेवटच्या पानावरून,
जिथे नुसते सलाम असतात, ह्याला सांगा, तिला सांगा,
आणि वाचणाऱ्याला आमेनची घाई झालेली असते.
त्या पर्सिसनं नेमकं काय केलं, कुणाला ठाऊक नाही.
धन्यासाठी राबली, एवढंच.
घर नाही, नवरा नाही, मेली कधी तेही नाही,
तरी ते नाव पुसलं नाही कुणी.

तू शनिवारी निघायचीस.
त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस डबे,
चूल पेटवायच्या आधी बाजूला काढलेली एकेक मूठ:
तांदूळ, नागली, ज्वारी, कुठे तूर.
सायकल येत नव्हती तुला;
कॅरिअरला पोतं बांधून
हाताला धरून न्यायचीस ती, दुभत्या म्हशीसारखी,
रंगावलीच्या फरशीवरून, पाणी घोट्याला लागलं तरी.
ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांच्या दाराला कुलूप असलं
की उंबऱ्याशी मिनिटभर डोळे मिटून उभी राहायचीस,
आणि ते परतल्यावर
थकलेली मूठ कधी मागितली नाहीस.

मला मात्र सोडलं नाहीस.
अर्धा किलो कमी मांडला म्हणून
दोन महिने बोलली नाहीस माझ्याशी,
सलामसुद्धा चटईकडे बघून.
अवघड होतीस तू. हे प्रवचनात कुणी सांगितलं नाही.
देवळाची कौलं त्या धान्यातून आली,
शलोमीच्या नर्सिंगची फी,
वीज पडून बैल गेला त्या साली येशूदासचं बियाणं.
तुझ्या पायात टायरच्या वहाणा.

अकरा दिवस चिंचपाड्याच्या दवाखान्यात.
बाराव्या दिवशी गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला,
“गयी का माय?” एवढंच म्हणाला,
आणि पीठ उडत राहिलं दारातल्या उन्हात.

शनिवार आला. मी गेलो तुझ्या घरी,
डबा रिकामा असणार हे धरून.
माप भरलं. वर उरलं.
पुन्हा मोजलं, तुझ्या भीतीनं.
मग लक्षात आलं, मूठ मोठी होती.
तीस वर्षं देवळाबाहेर मोहाखाली
विडी ओढत तुझी वाट बघणारा जालमसिंग,
आत ये म्हटलं की खोकणारा,
तो रोज दोन्ही वेळा, एकट्यापुरती चूल पेटवायच्या आधी...
मी काही विचारलं नाही. तोही नुसता खोकला.

रडू थांबलंय असं नाही.
रविवारी तुझी चटई कोपऱ्यात गुंडाळलेलीच राहिली,
बाया तिच्याभोवती जागा सोडून बसल्या.
खड्डा खणताना वसाव्यांचा पोरगा म्हणाला होता,
पाय पूर्वेला ठेवा,
म्हणजे हाक आली की उठून बसताच
तोंड उजेडाकडे होईल, चुकायची नाही.
चुकशील कशी?
तू आधी सायकल शोधशील,
पोतं झटकशील, विचारशील
किती घरं राहिली.

आमच्याकडे मातीत ठेवलेलं
हरवलं असं कुणी म्हणत नाही.
थांबतात.

शेरा लिहिला. शाई गिचमिड झालीये, चालवून घे.
राबली.
जो कोणी हे पुस्तक उघडेल, त्यानं तिला
माझा सलाम सांगावा.
अर्धा किलो भरला आहे.